गिटारीवरचं कुंकू

ताई, आमी मूळचे करमाळ्याकडचे. माझं माहेर बी तिकडचं, सासर बी तिकडचं, पन संसार सगळा हितं पिंपरीत झाला. आल्या आल्या तुमी भिंतीवरची गिटार बघून इचारलंत, मंगलताई, एवढी महाग वस्तू, परवडली का हो. परवडली. छातीठोक सांगते, परवडली. पन नुसतं परवडली म्हनून तुमाला कळायचं न्हाई, त्याला जरा मागं जावं लागंल, आन् मी मागं गेले की लांब जाते, आमची लेक अश्विनी तर म्हनते आई तू फोनवर बोलायला लागलीस की माझी भाजी करपती. तर बसा निवांत.

लगीन झालं तवा हे भोसरीच्या एका कंपनीत पॉवर प्रेसवर व्हते. पत्रा आत सरकवायचा, वरनं दणका बसायचा, पार्ट बाहेर यायचा, परत पत्रा, परत दणका. दिवसभर दणके खाऊन मानूस घरी आला की गप. काय सांगू तुमाला, पहिलं वरीसभर मला वाटायचं की ह्यांना मी आवडलेच न्हाई. आमटी कशी झालीय म्हनलं की बरी झालीय, लुगडं कसं दिसतंय म्हनलं की बरं दिसतंय. आमटी बी बरी आन् मी बी बरी. मी लई रडले तवा, माहेरी न्या म्हनून भावाला निरोप बी धाडला व्हता, त्यो यायच्या आत कंपनीचा गनपती आला म्हनून वाचलं सगळं.

त्याचं आसं, कंपनीत एक केरळचा फिटर व्हता, जेवनाच्या सुट्टीत कँटीनच्या मागं बसून गिटार वाजवायचा. हे डबा खाऊन त्याच्याजवळ जाऊन बसायचे, बसता बसता शिकले. पिंपरी कॅम्पातनं एक स्वस्तातली गिटार आनली, प्लायवूडची, पन आमाला तवा प्लायवूड काय आन् लाकूड काय. घरी आनली तर मी हसंन म्हनून ती कंपनीत लॉकरच्या मागं ठेवायचे, बगा. आन् गनपतीत कामगारांचा ऑर्केस्ट्रा आसायचा, घरच्यांना बोलावनं आसायचं, तर मी नवी साडी नेसून खुर्चीवर बसले, पडदा सरकला आन् स्टेजवर कोन, तर आमचे हे! गळ्यात गिटार. गानारा कोन व्हता, काय गायला, मला आजबी सांगता यायचं न्हाई, मी नुसती ह्यांच्या बोटांकडं बघत व्हते. डाव्या हाताची बोटं अशी तारांवरनं फिरत व्हती, आन् मला तिथं खुर्चीवर बसल्या बसल्या कळलं की ह्या मानसाचं बोलनं तोंडात न्हाई, हातात हाय. भाऊ आला न्यायला, त्याला पुरनपोळी खायला घालून परत पाठवला.

मी बी पुढं कामाला लागले, चाकनला, वायर हार्नेसच्या कंपनीत. म्हंजी गाडीच्या आत जे तारांचं जाळं आसतं, दिवा, हॉर्न, वायपर सगळं ज्याच्यावर चालतं, ते आमी बाया बनवायचो. तारेच्या टोकाला बारीक पिन दाबून बसवायची आन् मग ती खेचून बघायची. खेचल्याबिगर पुढं द्यायची न्हाई, हा नियम. दिसायला सगळ्या पिना सारख्याच झकास बसलेल्या दिसतात, खेचलं की कुठली खरी ते कळतं. ती सवयच लागली मला. भाजीची जुडी घेतली तरी देठ खेचून बघते, जावयाला बी पहिल्या भेटीत मी चांगला खेचून बघितला व्हता, अश्विनी आजून बोलते त्यावरनं. पन जावई पक्का निघाला.

तर सगळं बरं चाललं व्हतं आन् ह्यांचं बोट गेलं. डाव्या हाताचं, करंगळीशेजारचं, पुढचं पेर प्रेसमधी गेलं. चूक कुनाची, मशीनची का मानसाची, ते मी आता उकरत न्हाई, कंपनीनं दवाखाना केला, पगार चालू ठेवला, हे परत कामावर बी गेले. त्याच प्रेसवर. पन घरी आल्यावर ह्यांनी गिटार कपड्यात गुंडाळली आन् कपाटावर टाकली. कुनी इचारलं तर म्हनायचे, बिघडलीय. पुढच्या गनपतीत सगळे स्टेजवर आन् हे खाली खुर्च्या मांडत व्हते. मला ते बघवंना, ताई. बोट तुटल्याचं मी सोसलं, पन ते खुर्च्या मांडताना बघून मी मधनंच उठून घरी आले. हे मागनं आले, म्हनले डोकं दुखतंय का. मी म्हनलं व्हय.

वर्सं गेली. अश्विनी शिकली, आयटीत लागली, लगीन होऊन रावेतला गेली. आमी हितं संत तुकाराम नगरात ही जागा घेतली. कपाट बदललं, पन गिटार जुन्या कपाटावरनं नव्या कपाटावर आली, तशीच गुंडाळलेली. मग हे रिटायर झाले. आता प्रेसचा दणका बी न्हाई आन् बोलनं बी न्हाई, घर आसं झालं की घड्याळाचा आवाज मोठा वाटायचा. मी टीव्ही लावून ठेवायचे नुसता, सोबतीला.

आन् एक दिवस काय झालं, मी पोळ्या लाटून बाहेर आले, तर टीव्हीवर कुनीतरी गात व्हतं आन् ह्यांच्या मांडीवर पान्याची बाटली आडवी. डाव्या हाताची बोटं त्या बाटलीवर दाबत व्हती, सोडत व्हती, दाबत व्हती. तोंड टीव्हीकडं, ह्यांना सोताला बी कळत नसंल. मी तशीच पिठाचे हात घेऊन आत पळाले. आत जाऊन रडले बी आन् हसले बी. म्हनलं, मंगल, ही तार आजून तुटलेली न्हाई, तू खेच.

दुसऱ्या दिवशी हे बँकेत गेल्यावर मी ती जुनी गिटार काढली, चादरीत बांधली आन् बसनं पिंपरी कॅम्पात उस्मानभाईंच्या दुकानात नेली. उस्मानभाई म्हंजी बाजारात वाद्यं विकतात बी आन् दुरुस्त बी करतात, तबल्यापासनं सगळं. त्यांनी चादर सोडली, गिटार डोळ्यासमोर आडवी धरली, एक तार दाबली आन् म्हनले, भाभी, ये तो उँगली का दुश्मन है. मान वाकलीय, तारा लाकडापासनं एवढ्या वर उठल्यात की चांगल्या धडधाकट मानसाची बोटं सोलतील. हिला सरळ करायला जेवढा खर्च, तेवढी हिची किंमत न्हाई. मी त्यांना ह्यांच्या बोटाचं सांगितलं. उस्मानभाईंनी गिटार परत चादरीत बांधली आन् म्हनले, त्यांना हितं घेऊन या, बाकी मी बघतो.

आता हे सरळ सांगून येनारे मानूस व्हय? मी म्हनलं मिक्सरचं भांडं बदलायचंय, जड हाय, चला. मिक्सर घेऊन गेलो वाद्याच्या दुकानात. हे दारातच थांबले, माझ्याकडं बघितलं, मिक्सरकडं बघितलं. उस्मानभाईंनी नुसती एक गिटार हातात दिली. मध्यम किमतीची व्हती. हे बसले. पहिल्यांदा बोटं नुसती ठेवली. मग अंगठा मागं धरून राहिलेली तीन बोटं कुठं कशी बसवायची ते शोधाया लागले, जे अर्धं बोट हाय ते हवेत तसंच उभं. सूर आला, पन दबका आला, कारन ह्यांच्या त्या हातात आता तेवढा जोर न्हाई. हे लगीच गिटार खाली ठेवाया निघाले. तवा उस्मानभाईंनी वरच्या फळीवरची दुसरी काढली.

ताई, ती हीच. हिचं पोट अखंड लाकडाचं हाय, आपल्या पाटाच्या फळीगत, प्लायवूड न्हाई, वर पॉलिश बी आसं पातळ की हात फिरवला तर लाकूडच लागतं. ह्यांनी हळू दाबलं, हळू छेडलं, आन् काय सांगू, सगळ्या दुकानात आवाज भरला. मोठा न्हाई, भरलेला. जोर लावलाच न्हाई तरी तिनं दिला. उस्मानभाई म्हनले, पोकळ बडबड सगळ्याच करतात, हळू बोललेलं ऐकायला चांगलं लाकूड लागतं. हे वाजवत ऱ्हायले. बोट अडकायचं, थांबायचे, परत तिथनंच धरायचे. मी मिक्सर मांडीवर घेऊन रडत बसले व्हते, गिऱ्हाईक माझ्याकडं बघून परत जात व्हतं.

मग किंमत ऐकली. ऐकली आन् माझेच डोळे सुकले. आमच्या स्कूटरच्या वर. आन् उस्मानभाई खरं बोलनारा मानूस, म्हनले, भाभी, हीच गेल्या दिवाळीला कमी व्हती, आन् येत्या दिवाळीनंतर आजून वाढंल, लाकूड म्हागलंय, बाहेरनं येतंय, माझ्या हातात काय न्हाई. मी म्हनलं, आन् ती काचंतली, शिंपल्याचं नक्षीकाम केलेली, तिची काय? म्हनले तिची किंमत हिच्या कितीतरी पट. ती बी वाजवायला दिली त्यांनी. मी डोळे मिटून ऐकलं. फरक आसंल, न्हाई म्हनत न्हाई, पन मला शिंपल्याचाच वाटला. उस्मानभाई हसले, म्हनले भाभी, ती लोकांना दाखवायची, ही भाईसाहेबांच्या बोटांची. तर माझं म्हननं ते तवापास्नं पक्कं हाय: जिथवर किंमत बोटाला कळती, तिथवर ती खरी. त्याच्यावरचं सगळं मिरवायचं.

पन हे उठले. चला म्हनले. मिक्सर उचलून बाहेर पडले.

रात्री अश्विनीचा फोन. ती बापावर जीव टाकनारी पोरगी, पन हिशोबी. म्हनली, आई, ऑनलाइन सेल लागंल तवा घेऊ, न्हाईतर कुनाची वापरलेली मिळती का बघू, आन् पप्पांनी सहा महिन्यांनी परत कपाटावर टाकली तर? तिचं बी चुकीचं नव्हतं. मी म्हनलं, अगं दर सालाला वाढतीय, सेलची वाट बघता बघता तुझे पप्पा ऐंशीचे व्हतील. आन् वापरलेली म्हनशील तर कुनी कशी वापरलीय ते मला खेचून कळायचं न्हाई, तारांतलं कळतं मला, लाकडातलं न्हाई.

मी परत उस्मानभाईंकडं गेले. ते म्हनले, आसं करा, नवरात्र हाय, घरी न्या. वाजवून बघू द्या त्यांना निवांत. न्हाई जमली तर दसऱ्याला परत आना, फक्त एक करा, जशी नेली तशी आना, एक चरा नको, डाग नको, मला नवी म्हनून विकायचीय.

झालं! त्या दिवसापास्नं आमच्या घराचा दवाखाना झाला. हे आंघोळ करून हात कोरडे पुसून बसायचे, पट्टा काढून, बटनाचा शर्ट काढून, नुसत्या बनियनवर, मांडीवर पंचा टाकून, त्याच्यावर गिटार. मला फोडनी द्यायची बंदी, वाफ लागंल म्हनून. त्या दिवसांत आमी नुसती उकडलेली भाजी खाल्ली. आन् वाजवायचे ते बी कसं, परक्याच्या घरात पाय आखडून बसावं तसं. जरा सूर लागायचा की थांबून पुसायचे. मी आतनं ऐकायचे, वाटायचं, वाजवा ना हो मोकळं.

अष्टमीला ह्यांनी ती खोक्यात घातली. चिकटपट्टी बी लावली. म्हनले, परवा देऊन येऊ. मी म्हनलं, का? चांगली न्हाई? म्हनले, लई चांगली हाय. मग? चिकटपट्टी अंगठ्यानं दाबत म्हनले, मंगल, तीन बोटांच्या मानसाला एवढी भारी कशाला?

तवा मला कळलं, ताई. मी इतके दिवस गिटारीची किंमत खरी का खोटी त्याचा इचार करत बसले, अश्विनी करत बसली, उस्मानभाई करत बसले. हे गिटारीची किंमत करतच नव्हते, सोताची करत व्हते. आन् कमी करत व्हते. मला इतका राग आला, इतका राग आला, मी आत जाऊन नुसती भांडी आपटली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमा कंपनीवाल्यांची ही खरी दिवाळी. मशीन धुवायचं, पुसायचं, हळद-कुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा, त्या दिवशी मशीनला सुट्टी. तुमाला एक सांगते, बोट गेल्यानंतर जी पहिली नवमी आली, तवा ह्यांनी त्याच प्रेसला कुंकू लावलं. बाकीचे म्हनले, भाऊ, तुमी नका लावू, आमी लावतो. हे म्हनले, काम तर हिच्यावरच करतो ना. आसा मानूस हाय हा.

घरी मी पाट मांडला. त्याच्यावर माझी पिना दाबायची पक्कड, ह्यांचे स्पॅनर, कातर, विळी, मिक्सर. हे आंघोळीला गेले. मी खोक्याची चिकटपट्टी फाडली, गिटार काढली आन् पाटावर मधोमध ठेवली. बोट पान्यात बुडवलं. मला माहीत व्हतं, ताई. माझ्या पोळपाटावर एका नवमीला कुंकू सांडलं व्हतं, घासून घासून हात दुखले पन गेलं न्हाई, लाकडात गेलेलं कुंकू निघत न्हाई. हे पक्कं माहीत आसून मी त्या गोऱ्यापान लाकडावर, तारांच्या खाली, आधी हळद लावली आन् त्याच्यावर कुंकू, चांगलं ओलं, बोट दाबून. वर अक्षता टाकल्या.

हे बाहेर आले. बघितलं. धावले, बनियनच्या टोकानं पुसाया लागले, तर ते आजून पसरलं, लाल-पिवळं. मग ओरडले. लग्नापास्नं पहिल्यांदा ओरडले माझ्यावर, काय केलंस हे, आता परत कशी द्यायची, आक्कल हाय का तुला. एवढे शब्द मी ह्यांच्या तोंडून एका दमात कधी ऐकले नव्हते. मी शांतपने ऐकून घेतलं आन् म्हनलं, पूजा झालेलं हत्यार कुनी दुकानात परत देतं का हो? तुमच्या कंपनीत दिलं व्हतं कधी? आन् तीन बोटांच्या मानसाला म्हनता, ती तीन बोटं माझ्यासाठी किती भारी हायेत ते मला इचारलंत का कधी?

हे पाटासमोर खाली बसले. मग हळूच हात जोडले, पाटाला.

दसऱ्याला आमी दोघं उस्मानभाईंकडं गेलो, गिटार घेऊन. त्यांनी डाग बघितला, मग माझ्याकडं बघितलं, आन् त्या मानसाला सगळं समजलं, मिशीतल्या मिशीत हसले. पन दुकानदाराचा धर्म म्हनून म्हनले, भाईसाहेब, घासून वरनं पॉलिश मारून देतो, बराचसा जाईल. हे म्हनले, नको, राहू द्या.

आन् पैशे द्यायला हात खिशात घातला.

आता ह्याला सालं झाली. अश्विनी मधनंच फोन करून सांगते, आई, तुमची गिटार आता आजून म्हाग झालीय बरं का, आन् वर म्हनते, बरं झालं माझं ऐकलं न्हाईस. लाकूड उघडलंय म्हनतात हे, म्हंजी वाजवून वाजवून आवाज पहिल्यापेक्षा खुललाय, मला तर ह्यांचाच खुललाय आसं वाटतं. आता फोडनी देते मी बिनधास्त. सोसायटीच्या गनपतीत वाजवतात, अर्धं बोट तसंच हवेत उभं, आन् पोरं इचारतात आजोबा ते बोट वर का ठेवता, तर म्हनतात, त्याला सुट्टी हाय. बघा, इनोद बी कराया लागलेत!

कुंकवाचा डाग आता फिका झालाय, जवळनं बघितला तर दिसतो. ह्या नवमीला मी पाट मांडला तर हे सोताच गिटार घेऊन आले, पाटावर ठेवली, आन् माझा हात धरून बोट पान्यात बुडवलं. म्हनले, मंगल, लाव. पन त्याच जागी लाव.

तुमाला बी देव आसंच भरभरून देवो, ताई. चहा टाकते, हे भाजी घेऊन येतीलच इतक्यात, ह्यांची गिटार ऐकल्याबिगर जायचं न्हाई.